खोबरेल लावलेले ब्रेक आणि मोपाचा उतार

ही सहल ठरली ती माझी सायकल विकायची की ठेवायची, या भांडणातून.

आमच्या घरात दोन सायकली आहेत. माझी जुनी, साध्या ब्रेकची. मूठ दाबली की रबराचे दोन तुकडे चाकाच्या कडीला, म्हणजे रिमला, दोन्ही बाजूंनी चिमटा काढतात आणि सायकल थांबते. नवऱ्याची, म्हणजे नितीनची, सायकल नवी, डिस्क ब्रेकची. तिच्या चाकाच्या मध्यभागी एक चकती आहे आणि ब्रेक त्या चकतीला धरतो. नितीन या चकतीबद्दल इतक्या कौतुकाने बोलतो की लग्नात माझ्याबद्दलही इतकं बोलला नव्हता.

मागच्या वर्षी पन्हाळ्यावरून उतरताना एका वळणावर कडेच्या खडीत मी पडले. मनगट मोडलं, प्लास्टर निघालं, हात पूर्वीसारखा झाला. पण तेव्हापासून उतार दिसला की माझे पाय आपोआप जमिनीवर येतात. सायकल हातात धरायची आणि चालत खाली यायचं. आमच्या कोल्हापूरच्या ग्रुपमध्ये चढाला सगळ्यांच्या पुढे आणि उताराला सगळ्यांच्या मागे अशी माझी ख्याती आहे. नितीनचं मत, दोष त्या जुनाट ब्रेकचा. माझं मत, त्या दिवशी रिमला चिखल होता आणि तो पुसायचा मला कंटाळा आला होता. तेव्हापासून मी दर रविवारी गॅलरीत बसून रिम पुसते. नितीन त्याला रविवारची आरती म्हणतो.

त्यात त्याच्या ऑफिसातल्या पाटीलसाहेबांना मुलीसाठी जुनी सायकल हवी होती. झालं. रोज जेवताना तोच विषय. शेवटी एकदा मी चिडून म्हटलं, "चल, गोव्याला मावशीकडे जाऊ. मांद्र्याहून मोपाच्या पठारावर चढू आणि पलीकडे डिचोलीला जाऊ. पठाराचा उतार मी सायकलवर बसून उतरले तर सायकल राहील. चालत उतरले तर दे पाटलांना."

बोलून गेले खरी, पण लगेच पस्तावले. कारण मला एक गोष्ट ठाऊक होती, जी मी नितीनला सांगितली नव्हती. ही सायकल गेली तर मी दुसरी घेणार नव्हते. सायकल चालवणंच सोडून देणार होते.

कोल्हापूर ते मांद्रे

कोल्हापूरहून आजरा, आंबोली, सावंतवाडी, बांदा आणि पत्रादेवीला गोव्याची हद्द. गाडी असेल तर पहाटे निघा. आंबोलीत धुकं मिळतं, आणि धुक्यात गरम वडा मिळतो. थंडीच्या दिवसांत घाट कोरडा आणि रस्ता बरा असतो. सायकली गाडीच्या मागे कॅरियरवर बांधून नेणार असाल तर एक लक्षात ठेवा. गाडीचा धूर थेट मागच्या सायकलच्या चाकावर बसतो. मुक्कामाला पोचलात की आधी रिमवर पांढरं फडकं फिरवा. काजळ धरायची वेगळी गरज पडणार नाही इतकी काजळी निघते.

मावशी म्हणजे नितीनच्या आईची धाकटी बहीण, कुसुममावशी. मांद्र्यात समुद्रापासून हाकेच्या अंतरावर तिचं कौलारू घर आहे. मावशीचे यजमान गेले, मुलगा वास्कोला बंदरात नोकरीला. मावशी एकटी राहते, म्हणजे नावालाच एकटी. मागच्या दोन खोल्या ती पाहुण्यांना भाड्याने देते आणि जगभरातल्या लोकांना मालवणी-कोंकणीतून झापते. त्यांना ते कळतं, हे मी स्वतः पाहिलं आहे.

या घराबद्दल एक सांगायलाच हवं. ते तेलावर चालतं. खाऱ्या वाऱ्यात लोखंड टिकत नाही, म्हणून मावशी रोज सकाळी वाटीत खोबरेल आणि जुन्या धोतराची चिंधी घेऊन घरभर फिरते. खिडक्यांचे गज, दाराच्या कड्या, विहिरीचा रहाट, विळी, शिलाई मशीन, फाटकाच्या बिजागऱ्या, सगळ्यांना तेल. भाड्याच्या खोलीतली एक बाई योगासनं करत होती, तिला मावशीने पाठीला तेल लावायचं का असं विचारलं होतं म्हणतात.

संध्याकाळी मी बलकांवात, म्हणजे पुढच्या ओसरीवर, सायकल उलटी ठेवली आणि आरतीला बसले. साबणाचं पाणी, मग साधं पाणी, मग कोरडं सुती फडकं. ब्रेकच्या रबरात अडकलेले वाळूचे कण सेफ्टी पिनेने काढले. हे कण फार पाजी असतात. रबरात दडून बसतात आणि प्रत्येक ब्रेकला रिम खरवडतात. शेवटी फडकं पांढरंच राहिलं तेव्हा मी थांबले.

मावशी शेजारी बसून नारळ खवत हे सगळं बघत होती.

"गो बाय, असां सगळां पुसून काडलंस? कोरडीठाण केलंस तिका."

"कोरडीच पाहिजे, मावशी."

"हयलो वारो खारो गो," ती म्हणाली. मग नितीनकडे वळून, "आनी पडलां खंय ता? हात मोडलो म्हणान आयकलंय."

"पन्हाळ्याला, मावशी. ब्रेकच लागला नाही तिचा."

मावशी माझ्या मनगटाकडे बघत राहिली. मग उठून आत गेली, ती जेवायलाच बोलवायला आली. बांगड्याचं हुमण, म्हणजे आमटी, तळलेली इसवण, म्हणजे सुरमई, आणि सोलकढी. त्या जेवणानंतर मी उद्याच्या उताराची काळजी करायचं ठरवलं होतं, पण झोप लागली.

मांद्रे, पेडणे आणि मोपाचं पठार

सकाळी उठून पाहते तर दोन्ही सायकली लखलखत होत्या. मुठींवर जास्वंदीचं एकेक फूल, हँडलला कुंकू. मावशीने चाकापुढे नारळ फोडला आणि म्हणाली, "घासून पुसून दवरल्यात. जावा आता, माका भिवपाचां कारण नाय." एवढ्या पहाटे उठून हिने सायकली पुसल्या म्हणून मला गहिवरून आलं. मी वाकून नमस्कार केला आणि निघाले. पुसल्या म्हणजे कशाने पुसल्या, हे विचारायचं मला सुचलं नाही.

मांद्र्याहून पेडण्याला जाणारा रस्ता सकाळच्या वेळी फार गोड आहे. माडांच्या बागा, कापून झालेली भातशेतं, पुढे भोंगा वाजवत जाणारा पोदेर, म्हणजे पाववाला. त्याच्याकडून गरम पोया, म्हणजे कोंड्याचे पाव, घेऊन तिथेच उभ्याने खाल्ल्या. पेडण्याच्या बाजारात पातळ भाजी, पाव आणि मिरचीभजी. दोघांचं पोट भरून चहासकट जे बिल झालं त्यात कोल्हापुरात एक मिसळ येते, म्हणून नितीनने परत भजी मागवली.

वाटेत एका वळणावर ब्रेक जरा ढिला वाटला. मी थांबून केबलचा स्क्रू थोडा आवळला. आदल्या संध्याकाळीच रिम स्वतः पुसली होती, त्यामुळे त्या बाजूला संशय गेलाच नाही.

पठारावर चढताना घाम निघतो, पण वर आलात की सगळं माफ. जांभ्या दगडाचा सपाट मोकळा माळ, वाळून सोनेरी झालेलं गवत, आणि मधेच एवढा मोठा विमानतळ. आमच्या डोक्यावरून एक विमान चाकं काढून उतरत होतं. नितीन म्हणाला, "बघ, ते पण बसून उतरतंय. कोणी चालत उतरलंय का?" विमानतळाकडे येणारा नवा रुंद रस्ता सायकलींसाठी नाही. तुम्ही गावातले जुने रस्ते धरा, ते लांब पडतात पण झाडं आहेत.

ऊन चढलं होतं. चांदेलच्या बाजूला पठार संपतं तिथे आम्ही थांबलो. समोर रस्ता सरळ खाली गेला होता. तळाला एक छोटा पूल, पुलाजवळ पत्र्याची शेड असलेलं एक टपरीवजा दुकान, आणि पुलानंतर लगेच समोरचा चढ. मोठा घाट नव्हे हो. आमच्या ग्रुपमधलं कोणीही गाणं म्हणत उतरेल. पण मी सायकलवरून उतरूनच उभी राहिले.

"जायचं?" नितीनने विचारलं.

मी सवयीने दोन्ही ब्रेक दाबले आणि सायकल पुढे ढकलून पाहिली. ती ब्रेक दाबलेली असतानाच आरामात पुढे गेली. पुन्हा दाबले. पुन्हा गेली.

"नितीन, ब्रेक लागत नाहीयेत."

त्याने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती मी विसरणार नाही. रागाची नव्हती, कीव होती तिच्यात. "हे बघ," तो अगदी मऊ आवाजात म्हणाला, "नसेल जमत तर चालत ये. मी काही बोलणार नाही. पाटलांचं पण नंतर बघू." मला खरं तर ओरडावंसं वाटलं. माझं बोलणं बहाणा वाटावं इतकी माझी पत गेली होती. "मी पुढे होतो. कसं उतरायचं ते बघ. घाबरण्यासारखं काही नाही," असं म्हणून तो सुटला.

आणि मी वाकून रिमवर बोट फिरवलं. बोट तुळतुळीत झालं. नाकाशी नेलं. खोबरेल!

सकाळच्या गारव्यात तेल थिजून पातळ थर होऊन बसलेलं, आता उन्हाने विरघळून सगळ्या कडीवर पसरलं होतं. मग माझी नजर रस्त्यावर पडली. नितीनची चकती सकाळी कशी लखलखत होती ते आठवलं.

"नितीन! तेल! थांब!"

थांबायला त्याच्याकडे काही नव्हतं. त्याच्या ब्रेकचा आवाज मात्र मला वरपर्यंत ऐकू आला. कोणीतरी म्हशीची शेपटी पिरगळल्यासारखा. तो पुलावरून बाणासारखा गेला, समोरच्या चढावर चढत गेला, हळू झाला, थांबला, आणि मी देवाचे आभार मानते आहे तोवर उलटा मागे येऊ लागला. मागे मागे पुन्हा पुलावर. कसाबसा वळला तर माझ्या बाजूचा उतार त्याला थोडा चढ म्हणून मिळाला, तिथून परत घरंगळत पलीकडे. शेवटी पाय घासत घासत तो त्या शेडसमोर थांबला आणि तसाच सायकलसकट आडवा झाला, बहुधा सपाट जमिनीवरच्या प्रेमाने.

मी सायकल हातात धरून पळत खाली आले. चालतसुद्धा नव्हे, पळत. त्याला कुठे लागलं नव्हतं. त्याच्या तोंडाला मात्र कोरड पडली होती.

पुलाजवळचं दुकान

त्या शेडमध्ये शेवंती नावाच्या बाईंचं दुकान आहे. एका बाजूला बिस्किटं, साबण, काडेपेट्या. दुसऱ्या बाजूला बाटल्या. गोव्यात हे एकाच छपराखाली चालतं. बाकावर एक आजोबा बसले होते आणि त्यांनी सगळा प्रकार पहिल्यापासून पाहिला होता.

"तीन खेपो गेलो आनी इलो," आजोबा शेवंतीबाईंना सांगत होते. "माका दिसलां, पत्तो सोदता."

"हो तुजो घोव?" बाईंनी मला विचारलं.

"हो."

"खंयसून इल्यात?"

"कोल्हापूरहून."

"सायकलीन?" बाईंनी नितीनकडे पाहून मान हलवली आणि न सांगता त्याला लिंबू-सोडा दिला.

मी आजूबाजूला पाहिलं. काय काय आहे इथे? शेवंतीबाईंच्या मागच्या पडवीत चूल होती, म्हणजे राख होती. नारळाची सोडणं होती, म्हणजे घासायला काथ्या होता. दुकानात भांड्यांचा साबण होता. विहीर होती. आणि कुंपण जांभ्या दगडाच्या चिऱ्यांचं होतं. मला एकदम बरं वाटलं. भीती वाटायला लागली की काय करायचं मला कळत नाही, पण रिम कशी स्वच्छ करायची हे मला झोपेतसुद्धा कळतं.

हे तुम्हाला कधीतरी लागेल म्हणून नीट सांगते. सायकल उलटी ठेवा. आधी कोरड्या फडक्याने जेवढं तेल पुसता येईल तेवढं पुसा. घाईने पाणी ओतू नका, तेल नुसतं पसरतं. मग साबण आणि चाळलेली राख ओल्या काथ्यावर घेऊन चाक फिरवत कडी घासा, दोन्ही बाजूंनी. राख चाळायला विसरू नका, खडा असला तर ओरखडे पडतात. धुवा, पुन्हा घासा, पुन्हा धुवा. ब्रेकची रबरं काढून ती जांभ्याच्या चिऱ्यावर घासा. चिरा पॉलिश पेपरपेक्षा छान काम करतो. वरचा तेलकट, चकाकणारा थर जाऊन आतलं खरखरीत रबर दिसलं की झालं. आणि एवढं सगळं केल्यावर कडीला बोट लावून "किती स्वच्छ झाली" असं बघू नका. बोटालाही तेल असतं.

शेवटचा हात स्पिरिटचा मारायचा असतो. स्पिरिट नव्हतं. मी बाटल्यांकडे पाहिलं.

"शेवंतीबाई, फेणी द्या थोडी. कपभर."

"काजीची काय माडाची?"

"कुठलीही. चाकाला लावायची आहे."

बाईंच्या चेहऱ्यावर जे उमटलं त्याला मी दुःखच म्हणेन. आजोबा तर बाकावरून उठले. "चाकाक? बाय, हो पाप!"

"तेल काढायचंय हो."

"तेल काडूंक साबू आसा. फेणी माणसाक आसा."

बराच वाद झाल्यावर बाईंनी तळाशी राहिलेली, कोणी पीत नाही अशी एक बाटली दिली. आजोबांना तेही पटलं नाही. मी फडकं भिजवून कडीवरून फिरवलं, तेव्हा त्यांनी दुसरीकडे तोंड केलं. खरं सांगायचं तर फेणी स्पिरिटइतकी कडक नसते. राखेनेच काम झालं होतं, फेणीने फक्त वास आला. पण पांढरं फडकं पांढरं राहिलं.

आता नितीनची सायकल. चकती धुतली, पुसली, तिलाही फेणीचा नैवेद्य दाखवला. पण डिस्कचे पॅड, म्हणजे चकतीला धरणाऱ्या गाद्या, खोबरेल पिऊन बसले होते. ते चिऱ्यावर घासले, तरी चकतीवर धरेनात. ते बदलायलाच हवे होते, आणि तसले पॅड काही बिस्किटांच्या शेजारी मिळत नाहीत.

"म्हणजे तुझी दुरुस्त झाली आणि माझी नाही," नितीन सावकाश म्हणाला.

"राखेने," मी म्हटलं. एवढं तर मी म्हणणारच होते.

तो हसला नाही. माझ्या मनगटाकडे बघत म्हणाला, "तू वर सांगत होतीस ते खरं होतं. मी ऐकलं नाही. वर्षभर ऐकलं नाही."

माझे डोळे भरून आले. मग मी काय केलं, ते मलाही अजून नीट कळलेलं नाही. मी सायकल घेतली आणि आल्या वाटेने चढ चढायला लागले.

"अगं, कुठे चाललीस?"

"वर."

"डिचोली तिकडे आहे!"

"माहीत आहे."

वर पोचले. मघाच्याच जागी उभी राहिले. ब्रेक दाबून सायकल ढकलली. ती जागची हलली नाही. खाली पुलाजवळ तीन ठिपके उभे होते, नितीन, शेवंतीबाई आणि आजोबा. मी बसले आणि पाय उचलले.

पहिल्या क्षणी सगळं तसंच झालं, वारा, वेग, पन्हाळ्याचा तो खडीचा आवाज कानात. मी हळूच दाबलं. रबराने कडी धरली. कोरडी, खरखरीत पकड, जशी असायला हवी तशी. सोडलं, वेग आला. दाबलं, वेग गेला. माझ्या हातात होतं ते. उताराच्या मध्यावर कधीतरी मी ओरडत होते असं नितीन म्हणतो. मला ते आठवत नाही. मी नेमकी शेवंतीबाईंच्या दारात थांबले, एक पाय टेकून.

आजोबांनी विचार केला आणि म्हणाले, "फेणीच ती. उगीच न्हय."

एकटीने डिचोली

नितीनची सायकल पेडण्याच्या बाजाराला निघालेल्या एका टेम्पोत चढली. टेम्पो नारळांनी भरला होता. नितीन त्या नारळांवर बसून गेला, आणि हे दृश्य मला कोणी विकत मागितलं तरी देणार नाही. तो मांद्र्याहून गाडी घेऊन संध्याकाळी डिचोलीला येणार होता.

मी एकटी पुढे गेले. चांदेल, हसापूर, इब्रामपूर, मग नदीवरचा पूल आणि साळ. नदीकाठच्या कुळागरांमधून, म्हणजे बागायतींमधून, जाणारा हा रस्ता गोव्यातल्या समुद्राच्या फोटोंमध्ये कधी दिसत नाही आणि तेच बरं आहे. सुपारीची सावली, केळी, पाटाच्या पाण्याचा आवाज. साळमध्ये एका घरगुती खानावळीत शाकाहारी ताट मिळालं, खतखतं ही भाज्यांची आमटी आणि मणगणं ही चणाडाळीची खीर. लहान लहान उतार येत गेले. पहिल्या दोनांना पाय खाली यायला बघत होते. नंतर नाही.

डिचोलीच्या जवळ आलात की रस्त्याचा रंग बदलतो. खाणीची लाल माती सगळीकडे, झाडांच्या पानांवर, दुकानांच्या पाट्यांवर आणि अर्थातच रिमवर. ही माती आणि तेल एकत्र आलं असतं तर माझी कडी कानस लावल्यासारखी झिजली असती. बाजाराजवळच्या लॉजवर खोली घेतली. साधी, स्वच्छ, मागे नळ. सायकल आत नेऊ देतील का ते आधीच विचारा. आधी कडी पुसली, मग तोंड धुतलं.

संध्याकाळी नितीन आला. मयेच्या तळ्यावर जाऊन बसलो. पाणी स्थिर होतं आणि शेंगदाणेवाला सोडून कोणी नव्हतं.

"मावशीला काय सांगितलंस?"

"म्हटलं, मला कंटाळा आला."

"मग?"

"मग काय. 'बायल सायकल मारता आनी तू गाडयेन फिरतंस?' फाटकापर्यंत ऐकवलं."

वर्षभर माझे ब्रेक वाईट म्हणणारा माणूस मावशीसाठी स्वतः आळशी ठरून आला होता. मी त्याला माझ्या पुडीतले शेंगदाणे दिले, जे मी सहसा देत नाही.

परत मांद्र्याला

परतीचा रस्ता बराच सपाट आहे. अस्नोडा, म्हापसा, शिवोली, चोपडेचा पूल. म्हापशाच्या आसपास गर्दी असते, तेवढी सांभाळा. मी सायकलवर आणि नितीन गाडीतून, पुढे जाऊन भजी घेऊन थांबायचा. अशी सहल मला यापुढे नेहमी चालेल.

मावशी फाटकातच उभी होती. मी उतरले तशी ती आधी माझ्या हाताकडे आली, मनगट धरून उलटंसुलटं पाहिलं.

"पडलंस नाय मगे?"

"नाही, मावशी."

"माका ठावक होतां. दोनूय चाकांक बरां तेल लायलंय मी. सगळ्या कडयेक, चकतयेक पण. तू ता कोरडां करून दवरलंस, माका रातभर न्हीद नाय. गंज इलो की ब्रेक धरणा नाय आनी माणूस पडता."

मी आणि नितीन एकमेकांकडे बघत राहिलो. मी पडले हे ऐकून, मी पुन्हा पडू नये म्हणून, ही बाई पहाटे उठून वाटी घेऊन बसली होती. न सांगता निघून जाणं सोपं होतं. पण पुढच्या वेळी वास्कोहून नातू येईल त्याच्या सायकलचं काय? मी तिला ओसरीवर बसवलं आणि सगळं सांगितलं. नितीनचं मागे-पुढे सुद्धा.

मावशीचा चेहरा इतका उतरला की मला वाटलं, कशाला बोलले. मग तिने डोळ्याला पदर लावला आणि म्हणाली, "माझ्या हातान मेलो असतो गो तो." मी तिला जवळ घेतलं. नितीन म्हणाला, "मावशी, मी फक्त झोके घेतले." आणि मग मावशीनेच विचारलं,

"शेवंतीन फेणी फुकट दिली?"

"नाही, पैसे घेतले."

"चाकाक लायतात ती फेणी, आनी पैशे घेतल्यान?" मावशीला तिचा आवाज परत मिळाला. मग ती उठली, वाटी आणि चिंधी घेऊन आली आणि सायकलपुढे उकिडवी बसली. "दाखय माका. खंय लावचां आनी खंय नाय."

मी दाखवलं. रिम नाही, चकती नाही, ब्रेकच्या जवळपास कुठेच नाही. मग तिने स्टँडच्या स्प्रिंगला एक थेंब लावला आणि विचारलं, "हयसर चलता?" म्हटलं, "चालतं." ती समाधानाने हसली.

घरी

कोल्हापूरला येऊन आता काही आठवडे झाले. नितीनने नवे पॅड बसवले. रविवारी तो आता माझ्या शेजारी पेपर पसरून बसतो आणि आपली चकती पुसतो. आरतीला दोन माणसं झाली. पाटीलसाहेबांचा फोन आला तेव्हा मी स्वयंपाकघरात होते. नितीन म्हणत होता, "नाही साहेब, ती नाही मिळणार. बायको रोज चालवते."

गोव्याहून आणलेलं बहुतेक सगळं संपलं. पोया पहिल्या दिवशी, सुकी मासळी दुसऱ्या आठवड्यात. राहिलं ते बाटलीभर खोबरेल, मावशीने निघताना हातात कोंबलेलं. त्याने आमचं फाटक आता अजिबात कुरकुरत नाही.

काल आम्ही पन्हाळ्याला गेलो. जायच्या आधी मावशीचा फोन. तिला कसं कळलं ते नितीनला विचारा.

"पुसलंस गो?"

"पुसलं, मावशी."

"कोरडी केलंस?"

"कोरडीठाण."

"मगे जा."

मी पडले होते ते वळण आलं तेव्हा नितीन मागे होता. कडेला अजून थोडी खडी आहे. मी दोन्ही ब्रेक दाबले आणि सायकल वळणाच्या बरोबर मध्यावर उभी राहिली. थोडा वेळ तिथे थांबून मी ती खडी नीट पाहून घेतली. मग ब्रेक सोडले आणि बसूनच खाली आले.